बूट होतानाच्या संदेशांसाठी लॉगचेकचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबियन या लिनक्सवर किंवा त्यावर आधारलेल्या सिस्टिमवर लॉगचेक (लॉगमधल्या अनोळखी ओळी मेलने कळवणारे साधन) चालवणाऱ्या आणि प्रत्येक रीबूटनंतर येणाऱ्या लांबलचक मेलला कंटाळलेल्या सिस्टिम ॲडमिनसाठी हे पान लिहिले आहे. लॉगचेक बसवायचे कसे, याची चर्चा येथे नाही. ते बसवलेले आहे, मेल येत आहेत आणि आता नियमांची निगा राखायची आहे, असे गृहीत धरले आहे.

बूट होतानाचे संदेश लॉगचेकला इतके जड का जातात?

लॉगचेकचे तत्त्व सरळ आहे. ते लॉगमधल्या नव्या ओळी वाचते, ज्या ओळी नियमांत बसतात त्या बाजूला काढते आणि उरलेल्या सगळ्या मेलने पाठवते. म्हणजे काय शोधायचे ते सांगायचे नसते, काय ओळखीचे आहे ते सांगायचे असते. क्रेग रोलंड यांनी लिहिलेले हे साधन पुढे डेबियनच्या मंडळींनी सांभाळले आणि बरेचसे नव्याने लिहिले, पण ही मूळ रीत तशीच राहिली.

रोजच्या कामात सर्व्हर त्याच त्या मोजक्या तऱ्हेच्या ओळी लिहितो, त्यामुळे ही रीत तिथे उत्तम चालते. बूट होताना मात्र कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, काही सेकंदांत शेकडो ओळी ओततो : मेमरीचा नकाशा, एसीपीआयची (फर्मवेअरने दिलेल्या हार्डवेअरच्या माहितीची) टेबले, पीसीआयवरची एकूण एक चिप, डिस्क, यूएसबी, नेटवर्क कार्ड. त्यामागोमाग सिस्टिमडी, म्हणजे सेवा सुरू करणारी यंत्रणा, प्रत्येक सेवेची हजेरी घेते. यातल्या निम्म्याअधिक ओळींत मेमरीचे पत्ते, उपकरणांचे क्रमांक किंवा सेकंदाचे अपूर्णांक असतात. ओळींचा क्रम दर वेळी थोडा बदलतो आणि एका मशीनच्या ओळी शेजारच्या मशीनच्या ओळींशी जुळतीलच असे नाही. त्यामुळे पॅकेजसोबत आलेले नियम येथे अपुरे पडतात आणि उरलेले काम आपल्यावर येते.

मग बूटच्या सगळ्याच ओळी गाळून टाकल्या तर?

तसे करू नये. सर्व्हर रीबूट झाला, ही स्वतःच एक बातमी आहे आणि ती आपण केलेली नसेल तर मोठी बातमी आहे. लॉगचेक क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून) बूटच्या वेळी वेगळे चालते आणि त्या मेलच्या विषयात रीबूटचा उल्लेख करते, हे खरे. पण एकही ओळ उरली नाही तर मेलच जात नाही, आणि मग त्या विषयाचाही उपयोग नाही.

मी दोन ओळी जाणूनबुजून गाळत नाही. एक, कर्नलची आवृत्ती सांगणारी पहिली ओळ. दुसरी, कर्नलला बूटलोडरने दिलेली कमांड लाइन. पहिलीवरून मशीन नव्या कर्नलवर उठले की जुन्याच, हे कळते. अपडेट केला आणि रीबूट जुन्याच कर्नलवर झाला, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. दुसरीवरून कोणी एखादा पर्याय तात्पुरता घालून विसरले आहे का, ते दिसते.

आपले नियम कोणत्या फाइलमध्ये लिहावेत?

पॅकेजसोबत आलेल्या फाइलला हात लावू नये. तिच्यात एक ओळ जरी बदलली आणि पुढच्या अपग्रेडमध्ये ती फाइल नवी आली, तर पॅकेज बसवणारी डीपीकेजी ही कमांड थांबून विचारते, की तुमची फाइल ठेवू की नवी घेऊ, आणि घाईत दिलेले उत्तर नेहमीच चुकीचे निघते. एटसी डिरेक्टरीतल्या लॉगचेकच्या फोल्डरात पॅरानॉइड, सर्व्हर आणि वर्कस्टेशन अशा तीन पातळ्यांसाठी इग्नोर नियमांची वेगवेगळी फोल्डरे आहेत. सर्व्हर पातळी निवडली तर पॅरानॉइडचे नियमही लागू होतात, आणि वर्कस्टेशन निवडली तर तिन्ही. सुरुवातीची पातळी सर्व्हर हीच असते. तिच्या फोल्डरात 'लोकल-कर्नल-बूट', 'लोकल-सिस्टिमडी-बूट' अशा, लोकल या शब्दाने सुरू होणाऱ्या आपल्या स्वतंत्र फाइल कराव्यात.

फाइलच्या नावात टिंब मात्र येऊ देऊ नये. नियमांच्या फाइलची यादी रन-पार्ट्स या कमांडच्या पद्धतीने घेतली जाते आणि त्या पद्धतीत टिंब असलेले नाव मुकाट्याने वगळले जाते. शेवटी 'डॉट टीएक्सटी' किंवा 'डॉट रूल्स' लावून फाइल जतन केली, तर कोणतीही तक्रार न करता लॉगचेक ती वाचतच नाही आणि आपण रेजेक्समध्ये (नियम ज्या नमुन्यांच्या भाषेत लिहितात तिच्यात) चूक शोधत बसतो. याच सवयीचा उलटा उपयोगही होतो : एखादी फाइल तात्पुरती बंद ठेवायची असेल तर नावाला टिंब लावून 'ऑफ' जोडले की काम झाले.

दुसरी अडचण परवानग्यांची. लॉगचेक रूट म्हणून चालत नाही, लॉगचेक याच नावाच्या वापरकर्त्याच्या हक्काने चालते. रूटने केलेली फाइल त्या गटाला वाचता येते की नाही, ते पाहून घ्यावे.

एखादा नियम लिहिताना नेमके काय पाहावे?

एक उदाहरण जवळून पाहू. साटा डिस्क सापडल्यावर कर्नल एक ओळ लिहितो. तिचा मराठीत अर्थ असा : 'एटीए१ : साटा लिंक वर आली, ६.० जीबीपीएस', आणि पुढे कंसात 'एसस्टेटस १३३, एसकंट्रोल ३००'. ओळ निरुपद्रवी आहे, दर बूटला येते, म्हणून ती गाळायची आहे. प्रश्न एवढाच, की या ओळीतला कोणता भाग सैल ठेवायचा.

एटीएनंतरचा पोर्ट क्रमांक सैल ठेवायला हरकत नाही, कारण डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली तरी काही बिघडत नाही. पण ६.० हा आकडा सैल ठेवला, म्हणजे त्या जागी 'कोणताही अंक किंवा टिंब' असे लिहिले, तर एके दिवशी लिंक ३.० किंवा १.५ वर उतरते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. माझ्या हातून हेच झाले होते. एका छोट्या कार्यालयाच्या बॅकअप सर्व्हरवर मी त्या जागी अंकांचा सरसकट संच लिहून ठेवला होता. रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळू लागला, तेव्हा आम्ही दोन आठवडे नेटवर्कला दोष देत होतो. केबल सैल झालेली होती आणि लिंक १.५ जीबीपीएसवर आली होती. कर्नलने ते पहिल्याच रीबूटला स्वच्छ लिहिले होते, आणि ते माझ्याच नियमाने माझ्यापासून लपवले होते. केबल बदलायला पाच मिनिटे लागली. आता त्या नियमात ६.० जसेच्या तसे आहे, टिंबाआधी उलटी तिरकी रेघ आहे आणि कंसातले १३३ सुद्धा अक्षरशः लिहिलेले आहे.

यातून नियम लिहिण्याची पद्धत अशी ठरते : ओळीतला प्रत्येक बदलता भाग घेऊन 'हा बदलला तर मला कळायला हवे का' असे स्वतःला विचारावे. उत्तर 'नको' असेल तेवढ्याच जागी रेजेक्सचे सैल चिन्ह वापरावे, बाकी सर्व मजकूर जसाच्या तसा ठेवावा. मेमरीचे पत्ते, प्रोसेस क्रमांक, कर्नलने चौकटी कंसात दिलेली सुरुवातीपासूनची सेकंदे यांना सैल ठेवण्यात धोका नाही. वेग, आकारमान, डिस्कची संख्या आणि 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' असे शब्द मात्र सैल ठेवू नयेत.

चौकटी कंसातल्या सेकंदांबद्दल एक बारीक गोष्ट सांगायला हवी. रकाना सरळ दिसावा म्हणून कर्नल आकड्याआधी रिकाम्या जागा भरतो, त्यामुळे उघडत्या कंसानंतर 'शून्य किंवा अधिक रिकाम्या जागा' असे लिहावे लागते. शिवाय तीच ओळ सिस्टिमडीच्या जर्नलमधून (तिच्या स्वतःच्या लॉगमधून) नेहमीच्या छोट्या रूपात वाचली तर ती सेकंदे छापलीच जात नाहीत. म्हणून तो संपूर्ण कंस, त्यापुढच्या रिकाम्या जागेसह, प्रश्नचिन्ह लावून ऐच्छिक ठेवणे सोयीचे पडते.

'कर्नल' या शब्दापुढे टिंब आणि तारा (रेजेक्समध्ये याचा अर्थ 'काहीही') लिहून सगळे एकदम का गाळू नये? वेळ वाचेल.

वेळ वाचेल, हे खरे. पण पारंपरिक सिस्लॉगच्या, म्हणजे साध्या मजकुराच्या लॉगच्या, फाइलमध्ये 'कर्नल' हा शब्द ओळीवर असणे म्हणजे ती ओळ कर्नलनेच लिहिली, याचा पुरावा नव्हे. मशीनवर खाते असलेला कोणीही लॉगर ही कमांड वापरून, हवी ती चिठ्ठी लावून, हवा तो मजकूर लॉगमध्ये टाकू शकतो. जर्नल प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या मार्गाने आली हे वेगळे साठवते, पण लॉगचेकपुढे येते ती फक्त मजकुराची ओळ. म्हणून नियम सुरुवातीच्या ^ आणि शेवटच्या $ या खुणांनी दोन्ही टोकांना बांधलेला असावा आणि मधल्या भागात 'काहीही चालेल' अशी जागा नसावी. शेवटचे $ लिहायला विसरणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. नियम चालतो, ओळ जाते, आणि त्याच ओळीच्या शेपटीला उद्या 'फेल्ड' हा शब्द लागला तरी ती जातच राहते.

बूटच्या कोणत्या ओळी कधीच गाळू नयेत?

प्रत्येकाची यादी वेगळी असते. माझ्या यादीत पुढील ओळी आहेत. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमने 'रिकव्हरी कंप्लीट' म्हटलेली किंवा अनाथ आयनोड (फाइलच्या नोंदी) साफ केल्याचे सांगणारी ओळ, कारण तिचा अर्थ मशीन नीट बंद झाले नव्हते, असा होतो. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी दगा देऊन गेली, हे मला अनेकदा याच ओळीवरून कळले आहे. कंसात 'हार्डवेअर एरर' असे लिहून येणारी कोणतीही ओळ. फर्मवेअर सापडले नाही, असे सांगणारी ओळ. आणि प्रोसेसरमधल्या स्पेक्टरसारख्या उणिवांवर कोणता उपाय लागू आहे, हे सांगणाऱ्या ओळी. २०१८ पासून त्या जवळपास प्रत्येक मशीनवर दिसतात. त्या गाळायच्याच असतील तर उपायाचे आजचे नाव पूर्ण लिहून गाळाव्यात, म्हणजे त्या जागी उद्या 'व्हल्नरेबल' आले तर ओळ मेलमध्ये दिसेल.

याच्या उलट, बायोसमध्ये एखादे चिन्ह सापडले नाही म्हणून एसीपीआयने केलेली आरडाओरड पुष्कळ मशीनवर जन्मभर चालू असते आणि तिच्याने काही बिघडत नाही. ती खुशाल गाळावी, पण चिन्हाच्या पूर्ण नावासकट.

नियमांचा खटाटोप करण्यापेक्षा गंभीरतेच्या पातळीनुसार गाळणे सोपे नाही का?

शून्य ते सात अशा आठ पातळ्या प्रत्येक संदेशाला असतात आणि जर्नलमधून 'वॉर्निंग व त्याहून गंभीर' एवढेच काढणे एका पर्यायाचे काम आहे. घाईच्या वेळी ते उपयोगी पडते, पण नियमांची जागा ते घेऊ शकत नाही. वर सांगितलेली एसीपीआयची निरर्थक तक्रार 'एरर' पातळीवर येते, तर लिंकचा वेग घसरल्याची ओळ आणि फाइलसिस्टिमच्या रिकव्हरीची ओळ 'इन्फो' पातळीवर येतात. पातळी ठरवतो तो ड्रायव्हर लिहिणारा, आणि आपल्या बॅकअपची चिंता त्याने करावी, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

त्रासदायक ओळी आरसिस्लॉगमध्येच (लॉगच्या फाइल लिहिणाऱ्या सेवेत) टाकून द्याव्यात का?

शक्यतो नाही. लॉगचेकने गाळलेली ओळ फक्त मेलमधून जाते, लॉगमध्ये ती राहते आणि गरज पडली की शोधता येते. आरसिस्लॉगला 'थांब' सांगून टाकलेली ओळ त्याच्या फाइलमध्ये कधी येतच नाही. कर्नलला दिलेला 'क्वाएट' हा पर्याय मात्र या दोन्हींत बसत नाही. तो फक्त पडद्यावर काय दिसावे ते ठरवतो, लॉगमध्ये सर्व ओळी जातातच. तो घालूनही मेल छोटा होत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात, त्याचे कारण हे आहे.

अपग्रेड केल्यावर जुने नियम एकदम निकामी का झाले?

याची दोन मोठी कारणे २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये एकत्र भेटली आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण तारखेच्या रूपाचे. पूर्वी आरसिस्लॉग ओळीच्या सुरुवातीला महिन्याची तीन अक्षरे, एक रिकामी जागा आणि मग दिवस व वेळ मिळून ११ चिन्हे लिहीत असे. डेबियन १२ पासून ती जागा वर्ष, महिना, दिवस, 'टी' हे अक्षर, सूक्ष्म सेकंदांपर्यंतची वेळ आणि शेवटी वेळेचा फरक अशा लांब रूपाने घेतली. भारतीय वेळेसाठी तो फरक +०५:३० असा दिसतो, आणि सर्व मिळून बरोबर ३२ चिन्हे होतात. जुने नियम महिन्याच्या तीन अक्षरांची वाट पाहत ^ पाशीच अडले आणि एकही जुळला नाही. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीचा भाग 'जुने रूप किंवा नवे रूप' असा गोल कंसात उभ्या रेघेने लिहिणे. पॅकेजसोबतचे नियमही आता असेच लिहिलेले असतात, त्यामुळे तो भाग तिथून उचलून आपल्या सर्व नियमांत सारखाच ठेवावा. पुढे कधी पुन्हा बदल झाला तर मजकूर बदलणाऱ्या एका सेड कमांडने तो सगळीकडे बदलता येतो. हा भाग प्रत्येक नियमात हाताने वेगवेगळा लिहिणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा अपग्रेडचा दिवसही पाहिला आहे.

दुसरे कारण सिस्टिमडीच्या मजकुराचे. डेबियन ११ मध्ये सेवा सुरू झाल्याची ओळ 'स्टार्टेड' या शब्दापुढे फक्त वर्णन देत असे. १२ मध्ये तिथे युनिटचे, म्हणजे सिस्टिमडीच्या लेखी त्या सेवेचे, नाव, डॅश आणि मग वर्णन येते. एकदाच चालून संपणाऱ्या सेवेसाठी पूर्वी 'सक्सीडेड' असा एकच शब्द होता, आता 'डीॲक्टिव्हेटेड सक्सेसफुली' असते. येथे जुना व नवा मजकूर एकाच नियमात कोंबण्यापेक्षा नवा नियम लिहून जुना काढून टाकणे बरे, कारण त्या मशीनवर जुना मजकूर पुन्हा कधी येणार नाही.

याच आवृत्तीपासून नव्या सिस्टिमवर आरसिस्लॉग आपोआप बसत नाही आणि लॉगचेक जर्नल वाचू शकते. अपग्रेड केलेल्या मशीनवर दोन्ही स्रोत चालू राहिले तर एकच गोष्ट दोन रूपांत दोनदा मेलमध्ये येते. त्यातला एक स्रोत बंद करावा.

नियम बरोबर आहे की नाही, रीबूट न करता कसे तपासावे?

मागच्या बूटची नोंद पुरते. जर्नल कायमचे साठवले जात असेल तर मागील बूटच्या ओळी एका फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात आणि ती फाइल लॉगचेक-टेस्ट या कमांडला आपल्या नियमासह द्यावी. नियमाला जुळलेल्या ओळी ती छापते. माझी पद्धत अशी आहे, की आधी जुळलेल्या ओळी मोजायच्या आणि मग त्या वाचायच्यासुद्धा. चार ओळी गाळायला लिहिलेला नियम चाळीस ओळी गाळत असेल तर तो सैल आहे, मग त्या चाळीसही निरुपद्रवी दिसल्या तरी.

यानंतर संपूर्ण लॉगचेक चाचणीच्या रूपात चालवावे. त्यात अहवाल मेलऐवजी पडद्यावर येतो आणि कुठपर्यंत वाचले याची खूण पुढे सरकत नाही.

साध्या ग्रेपने (ओळी शोधणाऱ्या कमांडने) तपासले तर नियम जुळत नाही, लॉगचेकमध्ये मात्र जुळतो. असे का?

लॉगचेक ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा आधी छाटते आणि मग नियम लावते, ग्रेप तसे करत नाही. शेवटी एक रिकामी जागा असलेली ओळ त्यामुळे $ पाशी अडते. उलटाही घोळ होतो : नियमांच्या फाइलमधल्या कोऱ्या ओळी आणि टिपा लॉगचेक वगळते, पण तीच फाइल जशीच्या तशी ग्रेपला दिली तर एका कोऱ्या ओळीने जगातली प्रत्येक ओळ जुळते आणि नियम फारच उत्तम चालत असल्याचा भास होतो.

रीबूटनंतर एकाऐवजी दोन मेल का येतात?

क्रॉन सुरू होताच पहिली फेरी होते, पण तेव्हा काही सेवा अजून उठत असतात. त्यांच्या ओळी पुढच्या फेरीत, म्हणजे तासाला दोन मिनिटे झाल्यावर येतात. यात दोष काही नाही.

रास्पबेरी पायवर बूटच्या ओळींची वेळ मागची का दिसते?

तिच्या बहुतेक मॉडेलवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंतच्या ओळींवर मागच्या वेळी जतन केलेली वेळ पडते. नियमांवर याचा परिणाम होत नाही, मात्र वेळेनुसार ओळी शोधताना गोंधळ होतो, म्हणून अशा मशीनवर बूटच्या क्रमांकाने शोधावे.

अनेक सर्व्हर असतील तर नियम एकच ठेवावेत की वेगवेगळे?

सिस्टिमडीचे नियम सर्वांना सारखे चालतात. हार्डवेअरचे नियम मशीनच्या जातीनुसार वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि त्या जातीच्या मशीनवरच पाठवावेत, नाहीतर एका सर्व्हरवर नेहमीची असलेली तक्रार दुसऱ्यावर पहिल्यांदाच उमटली तरी गाळली जाते. सर्व फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असाव्यात. एकच मशीन असेल तर एटसी डिरेक्टरीची तशीच नोंद ठेवणारे एटसीकीपर पुरेसे आहे.

जुने नियम काढायचे कधी, आणि कोणते?

नियम वाढवायला प्रत्येक मेल आठवण करून देतो. काढायची आठवण कोणी करत नाही, म्हणून ती वेळ ठरवून घ्यावी लागते. मी प्रत्येक नियमाच्या वर # लावून एक ओळ लिहितो : तारीख, कोणत्या मशीनवर दिसले, आणि ही ओळ निरुपद्रवी आहे असे का ठरवले. 'का' हा भाग लिहिता आला नाही तर तो नियम मी लिहीत नाही, ओळ मेलमध्ये येऊ देतो.

कर्नलची मोठी आवृत्ती बदलली किंवा मदरबोर्ड, डिस्क, कार्ड यांपैकी काही बदलले, की ताज्या दोन-तीन बूटच्या ओळी घेऊन प्रत्येक नियम स्वतंत्रपणे चालवतो. एकाही ओळीला न जुळलेले नियम वेगळ्या फाइलमध्ये हलवून त्या फाइलच्या नावाला टिंब लावतो. पुढच्या रीबूटच्या मेलमध्ये त्यांतले काही परत दिसले तर ते माघारी येतात, बाकीचे महिन्याभराने पुसले जातात. मागच्या खेपेला १४० पैकी ५२ नियम असे निघाले. त्यांतले ११ अशा रेड कार्डाचे (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचे) होते, जे त्या सर्व्हरमधून काढून कपाटात ठेवल्याला तीन वर्षे झाली होती.